दंड मागायला आलेली बाई

माझ्या निरोप समारंभात मी एक किस्सा सांगितला होता. मोताळ्याच्या तहसील कचेरीचा हॉल, टेबलावर शाल आणि नारळ, समोर साठ-सत्तर माणसं. नोकरीतला एखादा समाधानाचा प्रसंग सांगा, असा आग्रह झाला. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की तरुण तलाठी असताना एका गावात सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची यादी करायची होती. यादीत नाव आलं की दंड बसणार, हे ठरलेलं. गावातली एक भूमिहीन बौद्ध बाई टेकाडाच्या उतारावर अडीच एकर कसत होती. नवरा आजारी, घरात खायची पंचाईत. मी तिचं नाव लिहिलंच नाही. नियम नियमाच्या जागी आणि माणुसकी माणुसकीच्या जागी, असं काहीसं शेवटी बोललो. टाळ्या पडल्या. तहसीलदारांनी हात हातात घेतला.

हा किस्सा मी त्याच्या आधी आणि नंतरही पुष्कळदा सांगितला. मुलांना सांगितला, जावयाला सांगितला, सकाळी फिरायला जमणाऱ्या पेन्शनर मंडळींना तर दोनदा सांगितला असेल. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट मी दर वेळी गाळत होतो. ती बाई स्वतः चावडीवर येऊन मला म्हणाली होती, की माझं नाव लिहा, मला दंड लावा.

आता मी शहात्तर वर्षांचा आहे. जे गाळलं ते लिहून ठेवतो. याने काही होणार नाही हे मला कळतं. लिहायचं होतं ते वेगळ्या वहीत, आणि ती वेळ गेली.

आमच्या भागात गुरचराईच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. मोताळा तालुक्यातल्या, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात अशी जमीन बरीच होती. सगळी मुरमाड, दगडांनी भरलेली. ज्यांच्याकडे वीतभरही शेत नव्हतं ती माणसं तिथले दगड वेचत, त्यांचेच बांध घालत आणि मधल्या मातीत तूर, ज्वारी पेरत. हे अतिक्रमण. त्याची नोंद तलाठ्याने एका वेगळ्या वहीत करायची: कोण, किती जागेवर, कधीपासून, पीक कोणतं. ती यादी तहसीलला गेली की दंडाचा आदेश येई. मी दंड घेई आणि पावती फाडून देई. गावाच्या लेखी ती वही म्हणजे चोरांची यादी होती. माझ्याही लेखी तीच होती. ही वही पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, असं तेव्हा कचेरीत कोणी बोलत नव्हतं.

यादी करायची म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करायची, असा नियम. आम्ही बहुतेक तलाठी ती गावात बसूनच करत असू. आपसात आम्ही तिला ओट्यावरची पाहणी म्हणायचो. गावातल्या जाणत्या माणसाच्या ओट्यावर बसायचं, कोतवालाने नावं सांगायची, आपण लिहायची. त्या वर्षी मी पोलीस पाटलांच्या ओट्यावर बसलो होतो. पाटील गावातले मोठे शेतकरी. मी राहत होतो ती खोली त्यांचीच होती, आणि सकाळचं दूध त्यांच्या गोठ्यातून येत असे. दुधाचे पैसे ते घेत नसत आणि मीही फार आग्रह करत नसे.

कोतवाल बोटांवर मोजत नावं सांगत होता. दहा झाली, अकरा झाली.

"आन् वरच्या उतारावर, पळसापाशी," तो म्हणाला, "ते बौद्धवाड्यातली बाई..."

"राहू दे नं बे," पाटील म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "साहेब, तिचा नवरा दम्यानं खंगून राह्यला. तिले कायचा दंड लावता? पाप लागन."

मी मान हलवली. अकरा नावांखाली रेघ ओढली.

इथे मला थांबून एक सांगितलं पाहिजे. तो उतार पाटलांच्या शेताला लागून होता. त्यांची गुरं नाल्यावर जायची ती त्याच उतारावरून. तिथे बांध घातल्यापासून गुरांना वळसा पडत होता. वहीत नाव नसलेल्या बाईला पुढे तिथून उठवणं सोपं जाणार होतं. यादीतल्या अकरांपैकी दोन पाटलांच्या भावकीतले होते, आणि त्यांना दंड लावताना पाटलांना पाप आठवलं नव्हतं. हे सगळं मला त्याच ओट्यावर कळलं. मी नवखा होतो, पण इतका नवखा नव्हतो.

चौथ्या दिवशी ती चावडीवर आली. तिशीच्या आतली असेल. कडेवर पोरगी, पायांवर मुरुमाची पांढरी धूळ. पाटील, कोतवाल आणि आणखी चारपाच जण बसलेले होते. मी तिला तेव्हा 'तू' म्हणत असे. गावात सगळेच म्हणत.

"काय गं, काय काम?"

"साहेब, यादीत माहं नाव नाही म्हनते कोतवाल."

"नाही. बरंच झालं की."

"बरं कायचं? लिहा माहं नाव. मले बी दंड लावा."

मी खरंच चक्रावलो. त्या खुर्चीवर बसून मी दंड माफ करा म्हणणारी माणसं रोज पाहत होतो. पाया पडणारी, शिव्या देणारी, कोंबडी घेऊन येणारी. दंड लावा म्हणणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

"दंड भरशील कुठून?"

"भरीन. निंदाले जाईन, कापूस येचाले जाईन, भरीन. पावती भेटन नं मले?"

तेव्हा मलकापूरहून चळवळीतली काही मंडळी वस्तीत येत असत. ती लोकांना सांगत, की दंड भरा पण पावती सांभाळून ठेवा, उद्या सरकारला जमीन मागायची तर ताबा दाखवायला तेवढाच कागद असेल. मला हे माहीत होतं. तरी मी म्हणालो,

"पावतीचं काय लोणचं घालणार आहेस?"

चावडीवर हशा पिकला. पाटील म्हणाले, "आज दंड मागून राह्यली, उद्या म्हनन जेलात टाका, जेवन फुकट भेटते!" पुन्हा हशा. कडेवरची पोरगीही लोक हसले म्हणून हसली.

बाई हसली नाही. सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "एक ओळच तं हाये, साहेब."

खरोखर एकच ओळ होती. मी तिला सांगितलं, यादी झाली, तीन प्रती झाल्या, आता बदल होत नाही. हे खोटं होतं. प्रती माझ्याच पिशवीत होत्या, सोमवारी तहसीलला जायच्या होत्या. कार्बन लावून तीन कागद पुन्हा लिहायचे, म्हणजे तासाभराचं काम. पण तो तास मला जड झाला, हेही एक कारण होतंच. दुसरं, पाटील समोर बसले होते. आणि तिसरं, तिचं नाव घालायचं तर क्षेत्र किती, कधीपासून हे लिहावं लागणार, त्यासाठी टेकाडावर जावं लागणार, आणि आधीच्या अकरांच्या वेळी मी गेलो नव्हतो हे सगळ्यांसमोर उघड होणार. या तिन्हीत माणुसकी कुठेच नव्हती. ती मी नंतर घातली. कधी घातली ते मला नेमकं आठवत नाही. बहुधा बायकोला तो प्रसंग पहिल्यांदा सांगताना.

पुढच्या वर्षी यादीवर मी 'मागीलप्रमाणे' लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग माझी बदली संग्रामपूरकडे झाली. माझ्या जागी आलेल्याने मागीलप्रमाणे लिहिलं, त्याच्या जागी आलेल्यानेही. ती मात्र दर वर्षी उतारावर तूर पेरत होती. नवरा गेला, तरी पेरत होती.

मग सरकारने ठरवलं, की ठरावीक तारखेआधीची भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायची, जमीन त्यांच्या नावावर करून द्यायची. पुरावा काय? त्या वहीतली नोंद किंवा दंडाची पावती. परिपत्रक संग्रामपूरच्या कचेरीत माझ्याच टेबलावर आलं. मी ते वाचलं आणि बराच वेळ दुसऱ्या कागदाला हात लावला नाही. ज्यांना मी चोर म्हणून लिहिलं होतं ते मालक होणार होते, कारण मी त्यांना लिहिलं होतं.

तेव्हा मी नोकरीत होतो. मोताळ्याला एक पत्र लिहिता आलं असतं, की अमुक गावच्या यादीत माझ्याकडून एक नाव राहिलं आहे, मी जागेवर गेलो नव्हतो. त्या पत्रावर माझी चौकशी लागली असती. कदाचित एखादी वेतनवाढ गेली असती. पण बाईचं काम झालं असतं, कारण तेव्हा ते सांगणारा कोतवाल जिवंत होता, पाटीलही जिवंत होते, आणि बांध कधीचा ते सांगणारी दहा माणसं होती. मी पत्र लिहिलं नाही. त्या अकरांना जमिनीचे पट्टे मिळाल्याचं दोन वर्षांनी कळलं. दोन पाटलांच्या भावकीत, नऊ गरिबांच्या घरात. नऊ घरांचं भलं झालं म्हणून मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात मी दहावं घर बुडवून टाकलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बुलढाण्याच्या आमच्या घरी एक बाई आली. पंचेचाळिशीच्या आसपासची, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची फाइल.

"जय भीम. तुमीच नं ते तलाठी?"

गावाचं नाव सांगितलं आणि मला सगळं कळलं. ही कडेवरची पोरगी. आता तिथेच अंगणवाडी सेविका होती.

"बस, बाई."

"बसतो. मायनं सांगतलं, साहेब म्हातारे झाले असतीन, हळू बोलजो. म्हून हळू बोलून राह्यली." ती बसली. "तुमी आमच्यावर उपकार केल्ते म्हनते. दंड लावला नाही. तुमच्या निरोपात टाया वाजल्या, कोतवालबुवा गावभर सांगत होते."

स्वयंपाकघरात बायको कपबश्या काढत होती, त्यांचा आवाज थांबला.

"त्या उपकाराचा आता एक कागद पायजे आमाले," ती म्हणाली.

तिने फाइल उघडली. गावाच्या ई-क्लासवर सौर प्रकल्प येणार होता. ज्यांच्याकडे पट्टे होते त्यांची जमीन वगळली होती. उरलेली सगळी मोकळी करायची होती. उरलेल्या जमिनीवर पेरणारी अशी तिची आई एकटीच होती. नोटीस तिच्या नावाने नव्हती, कारण कुठल्याच कागदात तिचं नाव नव्हतं. 'सर्व संबंधितांस' असं लिहून ती पळसाच्या खोडाला चिकटवली होती.

"शेतकऱ्यायले दिवसा लाइट भेटन म्हनते," ती म्हणाली. "भेटो नं. चांगलंच हाये. पन त्याच्यासाठी आमचीच तूर काऊन काढता?"

"आईंचं काय म्हणणं आहे?"

"माय काय म्हनन? ते म्हनते मी तं दंड मागाले गेल्ती."

त्या बाईने चहा घेतला, नमस्कार केला आणि गेली. दार लावून बायको आत आली. "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी अशा आवाजात बोलली नव्हती.

मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. मलकापूरच्या एका वकिलाने फी न घेता अर्ज लिहिला. सुनावणीच्या दिवशी मोताळ्याच्या कचेरीत गेलो, तर व्हरांड्यातल्या बाकावर ती बसलेली होती. सत्तरीला टेकलेली, अंगाने वाळलेली, निळ्या काठाचं पांढरं लुगडं. मला पाहून ती बाकावर सरकली.

"बसा, साहेब."

"ओळखलंत का मला?"

"तुमाले कसं भुलीन?"

मी बसलो. घरून निघताना बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं एवढंच तोंडातून निघालं: "बाई, माझी चूक झाली."

"हाव," ती म्हणाली. "झाली." मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. "घ्या. ऊन लय हाये."

मी आता तिला 'तुम्ही' म्हणत होतो. त्याने काय फरक पडायचा होता? तरी म्हणत होतो.

आत बोलावण्याआधी एक म्हातारा माझ्याजवळ आला. धोतर, डोक्याला रुमाल. अकरांपैकी तो एक, नऊ गरिबांतला. हात जोडून म्हणाला, "साहेब, तिचं होऊ द्या. तिचं व्हावंच. पन आमचं बिघडू देऊ नका बापा. नातू त्याच शेतावर जगून राह्यला." तो असं का म्हणतो आहे ते मला तेव्हा समजलं नाही.

तहसीलदार तरुण मुलगी होती, माझ्या नातीच्या वयाची म्हणता येईल. तिने आम्हा तिघांना, मला, बाईला आणि तिच्या लेकीला, खुर्च्या द्यायला लावल्या. आमच्या काळी बाईला खुर्ची मिळाली नसती. तिने माझं प्रतिज्ञापत्र वाचलेलं होतं, नुसतं पुढे ठेवलेलं नव्हतं.

"काका, नाव सुटलं म्हणता. कसं सुटलं? पाहणी तर तुम्हीच केली."

"मॅडम, मी जागेवर गेलोच नव्हतो. ओट्यावर बसून यादी केली."

टाइप करणाऱ्या कारकुनाने हात थांबवले. मॅडमनीही पेन खाली ठेवलं.

"हे मी नोंदवू का?" त्यांनी हळू विचारलं. "नोंदवलं तर पूर्ण यादीच संशयात जाते. त्याच यादीवर अकरा पट्टे दिलेत. यादी करणाराच म्हणतो की पाहणी झाली नाही, तर मला ते अकराही फेरतपासणीला वर पाठवावे लागतील. मग त्यांना पुरावा मागितला जाईल. त्यांच्याकडे तरी पावत्या राहिल्यात का, मला माहीत नाही."

बाहेरचा म्हातारा मला आठवला. त्याच्या हातात फाइल नव्हती, काहीच नव्हतं.

अंगणवाडीची बाई ताडकन म्हणाली, "पाठवा नं! त्याच्यात दोन पाटलाच्या घरचे हायेत. त्यायले कोनता पुरावा होता?"

"अन् नऊ?" म्हातारी म्हणाली. "दोनासाठी नऊ घरं पाडतं का?"

"माय, तू चूप बस. हे आपलं शेवटचं हाये."

"चूपच होतो इतके दिवस." मग मॅडमकडे पाहून ती म्हणाली, "राहू द्या, बाईसाहेब. त्यायचं तं राहू द्या."

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. "काका, मग काय लिहू?"

मी म्हणालो, "लिहा, पाहणी रीतसर झाली होती. एक नाव नजरचुकीनं राहिलं."

कारकुनाची बोटं पुन्हा चालू लागली. बाईने ते नऊ घरांसाठी म्हटलं होतं, पण सुटलो मीही. खोटी नोंद केल्याची कबुली कागदावर आली असती तर माझ्या पेन्शनचं काय झालं असतं, हा विचार मला त्या खुर्चीवर, त्या क्षणी आला होता. तो आला होता म्हणून लिहितो.

मॅडमनी मग विचारलं, की पाहणी रीतसर झाली असेल आणि त्रेचाळीस वर्षं गेली असतील, तर हे एकच नाव तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं? मी सांगितलं, "त्या स्वतः दंड मागायला आल्या होत्या."

"दंड मागायला?" मॅडम क्षणभर हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. कोणीही हसलं असतं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अर्जदाराचा ताबा ठरावीक तारखेआधीचा असल्याचा लेखी पुरावा नाही. दगडी बांध जुना दिसतो, परंतु त्याचं वय सांगता येत नाही. निवृत्त तलाठ्याच्या स्मरणावर विसंबून शासकीय अभिलेखात बदल करता येत नाही. मी मॅडमना भेटायला गेलो. त्यांनी वेळ दिला, चहा मागवला.

"मला वाईट वाटतं, काका. पण नियम सगळ्यांना सारखा. अकरांना कागद मागितला, तसा यांनाही मागितला. एकीसाठी वेगळं केलं तर उद्या माझ्या दारात शंभर जण तोंडी साक्षीदार घेऊन येतील."

त्या बरोबर बोलत होत्या. हेच वाक्य नोकरीत मी कितीदा बोललो होतो. सगळ्यांना सारखा नियम. पण तिच्याकडे कागद नव्हता तो तिने हरवला म्हणून नव्हे. तो ज्याने द्यायचा त्याने दिला नाही, आणि आता तो नाही म्हणून तीच दोषी. सारखा नियम लावण्याआधी कुणाकुणाला हातातलं काढून घेऊन उभं केलं आहे, हे पाहायचं काम कोणाचं? मॅडमचं नाही, त्यांच्यापुढे वही आहे. माझं होतं. मी हे सगळं बोललो नाही. चहा प्यालो आणि निघालो.

बुलढाण्याला अपील दाखल आहे. स्थगिती मिळाली नाही.

जमीन मोकळी करायचा दिवस कळला तेव्हा मुलाने जाऊ नका म्हणून सांगितलं. मी एसटीने गेलो. थंडीचे दिवस, तूर कमरेच्या वर आलेली, शेंगा भरलेल्या पण अजून हिरव्या. एक जेसीबी, दोन पोलीस, आताचा तलाठी आणि कंपनीचा एक माणूस. गावातली पंधरा-वीस माणसं लांब पळसाखाली उभी होती. त्रेचाळीस वर्षांत तो उतार मी प्रथमच चढत होतो. चार ठिकाणी थांबावं लागलं. ओट्यावरून तो फार लांब नव्हता.

तलाठ्याला पंचनाम्यासाठी दोन पंच हवे होते. गावातलं कोणी पुढे होईना. पट्टे मिळालेले मान खाली घालून उभे होते. जिच्यावर कारवाई तिच्याविरुद्ध सही कोण करणार? शेवटी पोलिसाने आवाज चढवला, तेव्हा बाईच माझ्याकडे वळली.

"साहेब, तुमी करा नं सही."

"मी?"

"तुमाले लिहिता येते. बराबर लिहिलं का तेबी पाहा."

तिची लेक दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. मी कागद घेतला. तरुण तलाठ्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: बाईचं पूर्ण नाव, अडीच एकर, पीक तूर, दगडी बांध, पळसाचं झाड एक. मी तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिने नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "कवापासून ते लिहिलं का?"

तलाठी म्हणाला, "आजी, या नमुन्यात तो रकाना नाही."

मी सही केली. दुसरी सही कंपनीच्या माणसाच्या ड्रायव्हरने केली.

बाईने तलाठ्याला एकच मागितलं, की हिरव्या शेंगा तोडून घेऊ द्या. त्याने घड्याळ पाहिलं, फोन केला आणि तास दिला. तेव्हा पळसाखालची माणसं हलली. नऊ घरांतल्या बाया, पोरी, तो रुमालवाला म्हातारा, सगळे तुरीत शिरले आणि ओरबाडल्यासारखे शेंगा तोडू लागले. मीही उतरलो. पण माझे गुडघे वाकत नाहीत, आणि उतारावर तोल राहत नाही. दोनदा पडता पडता राहिलो. एका बाईने माझ्या हातात पोत्याचं तोंड दिलं आणि म्हणाली, "हे धरून राहा, बाबा." मी ते धरून उभा राहिलो. दोन पोती भरली. निम्मं शेतही झालं नव्हतं.

तास संपला. जेसीबी खालच्या बांधापासून सुरू झाला. पहिला दगड निघाला तेव्हा आवाज इतका मोठा झाला की पळसावरची पाखरं उडाली. बाई कंबरेवर हात ठेवून पाहत होती. मी तिच्याजवळ गेलो. काय बोलणार होतो ते आता सांगता येत नाही. बहुतेक पुन्हा तेच, चूक झाली.

तिने मला बोलू दिलं नाही. माझा दंड धरला आणि हळूच मागे ओढलं.

"साहेब, बाजूले व्हा," ती म्हणाली. "इकून येऊन राह्यलं ते."

मी बाजूला झालो.